अक्का वडूजला, शब्द माझ्या फोनवर

हे लिहू की नको, यात दोन महिने गेले. कारण मी स्वतः असले किस्से वाचून हसणारी बाई आहे. आमचे अब्बा मिलमध्ये फिटर होते. घरात दिवा आपोआप लुकलुकला तर ते आधी होल्डर उघडून बघायचे. त्यांचीच सवय मला लागली... प्रत्येक गोष्टीला कुठेतरी सैल झालेली वायर असते, एवढंच मला माहीत होतं.

मी यास्मिन. माधवनगरला, सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. एक गाळा, दोन मशीन, मध्ये कटिंगचं टेबल. दुसऱ्या मशीनवर अकरा वर्षं सुनंदाअक्का बसायची. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, माहेर वडूजचं. माझ्या मुलीच्या, सनाच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात माझ्या उशाशी रात्रभर बसलेली बाई. अम्मी गेली तेव्हा मला चार घास भरवणारी पण तीच.

आता फोनचं सांगते. कटिंग करताना एका हातात टेप, दुसऱ्या हातात खडू. वही उघडायची कशी? म्हणून सनाने मला नोट्समध्ये माइक दाबून बोलायला शिकवलं. आपण बोलायचं, फोन लिहितो. ‘छाती छत्तीस, कंबर एकतीस, बाही साडेनऊ.’ बाजारातून आणायच्या सामानाची यादीपण तशीच. चुका व्हायच्या म्हणा. अस्तरचं अस्त्र, बाही जोडतात त्या मुंढ्याचं मुंडा. अक्काला भारी हसू यायचं. तिच्याकडे साधा बटणाचा फोन. एकदा तिने माझ्या फोनवर बोलून बघितलं, तर तिचं ‘हाय’ फोनने ‘हाय हॅलो’ करून टाकलं.

“ह्याला आमचं मराठी कळत न्हाई बाय,” म्हणाली आणि परत कधी हात लावला नाही.

अक्का दर शनिवारी सुट्टी घ्यायची. दोनेक महिन्यांपासून ती शनिवारी वडूजला जात होती – भावजयीचे गुडघे दुखतात, मदतीला जाते म्हणून.

तर एक शनिवार. दुपारचे साडेबारा. लाइट गेलेली, त्यामुळे पंखा बंद, मशीन बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. मी टेबलावर फोन ठेवून सामानाची यादी बोलत होते. अस्तर लाल दोन मीटर, हुक एक पाकीट, कॅनव्हास... आणि बोलायची थांबले, कारण पुढे काय संपलंय ते आठवेना. स्क्रीनकडे बघितलं तर कॅनव्हासच्या पुढे लिहिलेलं –

‘आवं वैनी तिला काय बी कळायचं न्हाई’

मी दाराबाहेर डोकावले. कुणी नाही. वाटलं, शेजारच्या घरातलं बोलणं पकडलं असेल. ओळ पुसली, यादी पूर्ण केली. पण संध्याकाळी भाकरी थापताना एकदम लक्षात आलं... शेजारी तर कुलूप होतं. ते लोक चार दिवस मिरजेला गेले होते.

आठवडा गेला. अक्का सोमवारी आली, नेहमीसारखी. माझ्यासाठी वडूजची बाजरी घेऊन. मी तिला काही बोलले नाही. बोलायला होतंच काय?

पुढच्या शनिवारी साडेबाराला मी मशीन थांबवलं, दार लोटलं आणि नोट उघडून माइक दाबला. यावेळी तोंड घट्ट बंद. फोन टेबलावर उताणा ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसले.

मिनिटभर काहीच नाही. मग अक्षरं उमटायला लागली. थांबत थांबत, समोरचं माणूस बोलतं तशी.

‘कटोरीचा कागद मिळाला... बाहीचे दोन राहिल्यात... पुढच्या खेपेला आणते’

मला काही कळेना. मग पुढची ओळ.

‘ती पेटी उघडत न्हाई वैनी... आईची याद येती म्हणून... लय भाबडी हाय’

मी फोन उचलून ती ओळ पुन्हा वाचली. कारण त्या पेटीबद्दलची ही गोष्ट मी जगात एकाच माणसाला सांगितली होती.

माझी अम्मी पण ब्लाउजच शिवायची. चाळीस वर्षांत तिने खाकी कागदावर कापून ठेवलेले नमुने – प्रत्येक अंगाचा वेगळा, कडेला पेन्सिलने बाईचं नाव आणि खुणा. खांदा उतरता असेल तर कुठे घ्यायचं, पाठीला बाक असेल तर किती सोडायचं. तिचा हात त्या कागदांमध्ये होता. ती पत्र्याची पेटी दुकानाच्या माळ्यावर होती. कुलूप नव्हतं. कशाला लावायचं? अक्काने एकदा म्हटलं होतं, “दाखव की गं ते कागद.” मी म्हटलं, “अक्का, मला ते बघवत नाही अजून. तिचं अक्षर दिसलं की गळा भरून येतो.” तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला होता.

मी स्टूल लावून पेटी खाली काढली. वरचे चार-पाच कागद अम्मीचे. त्याखाली सगळं वर्तमानपत्र... त्याच आकारात कापलेलं, नीट घडी घालून. एवढ्या सफाईने माधवनगरात दोनच बायका कापतात. त्यातली एक मी.

मी रडले नाही. नुसती जमिनीवर बसून राहिले. मागितले असते तर दिले असते, हेच डोक्यात फिरत होतं.

रविवारी फोन दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने सगळं उलटंपालटं करून बघितलं. दुसऱ्या कुणाचं अकाउंट जोडलेलं नाही, कॉल चालू नव्हता, काही नाही. “ताई, तुमच्याच आवाजाचं काहीतरी वेडंवाकडं लिहिलं असेल,” म्हणाला. मी तर बोललेच नव्हते.

सोमवारी अक्का आली. मी पेटी टेबलावर उघडी ठेवली होती. तिने ती पाहिली आणि दारातच थांबली.

“कुणाला दिलेस?” मी विचारलं.

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “भाचीला. बुटीक टाकतीया वडूजला. छापून घेऊन परत ठेवणार हुते गं... तुला कळलं बी नसतं.”

“मला विचारायचं नाही?”

“तू न्हाई म्हणली असतीस.”

“अकरा वर्षांत मी तुला कशाला नाही म्हटलं, अक्का?”

तिने पेटीतल्या वर्तमानपत्राची घडी सरळ केली. मग एकदम मान वर केली. “पर तुला सांगितलं कुणी?”

मी फोन पुढे केला. तिने एक एक अक्षर लावत वाचलं. वाचता वाचता तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

“हे मी वैनीपाशी बोलले. परवा. चुलीम्होरं बसून... तिथं तिच्याबिगर कुत्रं बी नव्हतं.” तिने फोन टेबलावर असा ठेवला, जसं काही गरम भांडं. “यास्मिन, हे तुझ्याकडं कसं?”

“मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.”

“खोटं बोलू नगंस! माझ्यामागं काय लावलंस तू? आमच्या घरातलं बोलणं चोरून ऐकतीस?”

मी काय सांगणार? जे मलाच कळलं नव्हतं ते तिला कसं पटवून देणार? मी गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचा तिने तिचा अर्थ लावला. तिने स्वतःची कात्री उचलली, पदराला पुसली आणि गेली. मशीनवर अर्धी बाही तशीच सुईखाली अडकलेली.

आठ दिवसांनी एसटीने पार्सल आलं. सगळे कागद. एकही कमी नाही. प्रत्येकाच्या कडेने टाचणीची बारीक भोकं. सोबत चिठ्ठी नव्हती. वडूजचं बुटीक चालू झालंय आणि चांगलं चालतंय असं ऐकते. माळावरच्या, खटावकडच्या बायका अम्मीच्या मापात ब्लाउज घालतात आता. तिला आनंदच झाला असता कदाचित. मला नाही होत.

सना म्हणते, “अम्मी, अक्का इथेच कधीतरी बोलली असेल, फोनने तेव्हा ऐकलं असेल.” पण नोटवर तारीख आणि वेळ आहे, शनिवार, बारा बत्तीस. आणि अक्काने स्वतः कबूल केलं ती कुठे होती ते. तिच्या भावजयीनेही म्हणे गावात सांगितलं की माधवनगरच्या त्या बाईला काहीतरी येतं, तिच्यापासून लांब राहा. ते बोलणं इथवर पोचलं आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांनी येणं सोडलंय.

मला काही येत नाही हो. मला ब्लाउज शिवता येतो.

इथे कुणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा. ते शब्द माझ्या फोनवर कुठून आले, मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर एकदाही तसं झालेलं नाही. दगा अक्कानेच दिला, यात मला शंका नाही. फक्त एक गोष्ट मी सनालाही सांगितलेली नाही. पहिल्या शनिवारची ओळ वाचली तेव्हाच मला आतून कळलं होतं ती कुणाची आहे ते. सोमवारी अक्का बाजरी घेऊन समोर उभी होती. एक प्रश्न विचारला असता तर कदाचित ती तेव्हाच रडून सगळं सांगून मोकळी झाली असती. मी विचारलं नाही. मी शनिवारची वाट बघितली.