विक्रीच्या गठ्ठ्यातला मंदार

‘निर्लेखन’ या शब्दाचा अर्थ आधी नीट लावून घेऊ. वसुलीची आशा सुटलेले कर्ज सरकार आपल्या हिशेबातून काढून टाकते, ते निर्लेखन, इंग्रजीत ‘राइट ऑफ’. माफी निराळी; निर्लेखनानंतरही कर्जदार देणे लागतोच. कॅनडातल्या रेजिना शहरातल्या आमच्या सरकारी कचेरीत प्रांताने दिलेल्या विद्यार्थी-कर्जांचा हिशेब ठेवतात. तिथे इतके किस्से साचले आहेत, की दुपारच्या डब्याला लोणचे लागत नाही.

कर्ज ‘राइट ऑफ’ झाले असे ऐकून एका मराठी कर्जदाराने पेढे पाठवले. आमच्या ज्येष्ठ सहकारी सुनंदाताईंनी त्याला फोन लावला. “पेढे मिळाले हो, छान आहेत. हप्ता कधी पाठवताय?”

पलीकडून प्रश्न आला, “ताई, पेढे परत मिळतील का?”

परत करणे भागच होते. सरकारी नोकराला भेट चालत नाही. पण ताईंनी एक तोंडात टाकला होता. मंदार हा आमच्यातला धाकटा हिशेबनीस, नियमांचा कट्टर. तो म्हणाला, “एका पेढ्याचे पैसे भरा, ताई.”

“अरे, नुसता चाखला रे.”

“मग चाखल्याचे भरा.”

ताईंनी भरले.

एकदा ताईंनीच त्याला गाठले. “जावयाने माझं बर्फ उपसायचं फावडं नेलंय. ती माझी संपत्तीच ना रे?”

“परत येईल असं वाटतंय तोवर संपत्ती. तीन विंटर वाट पाहा, मग निर्लेखन.”

“फावड्याचं की जावयाचं?”

पुढे वरून हुकूम आला: बुडीत वाटणारी कर्जे वेगळी काढा, एका वसुली कंपनीला स्वस्तात विकायची आहेत. पक्षपात नको म्हणून नावे झाकलेली. पडद्यावर केवळ खाते क्रमांक आणि चुकलेले हप्ते. काम मंदारकडे. त्याच सुमारास त्याने काँडोसाठी, म्हणजे स्वतःच्या फ्लॅटसाठी, बँकेत कर्जाचा अर्ज केला होता. भाड्याच्या बेसमेंटमधून एकदाचे वर यायचे, हाच त्याचा ध्यास. जुने कर्ज वसुली कंपनीच्या हाती गेले, की बँक दार लावून घेते.

विक्रीआधी मॅनेजर ग्लेन्डाने नावे उघडली आणि त्याला बोलावले. “हे तुझंच शिक्षणाचं कर्ज ना? नोकरी नव्हती तेव्हा हप्ते चुकलेलं?”

“हो.”

“त्यावर तूच लिहिलेला शेरा वाच.”

मंदारने वाचला, “आशा ठेवू नये. विकून टाकावे.”

ताई डबा बाजूला ठेवून हसत सुटल्या. “स्वतःलाच विकायला काढलंस की रे.”

ग्लेन्डाने ते खाते गठ्ठ्यातून काढले. कर्मचाऱ्याचे कर्ज विकता येत नाही, पगारातून कापतात. मंदार म्हणाला, “नियम दाखवा.” तिने दाखवला, तेव्हा कुठे तो खुर्चीतून उठला. काँडोही मिळाला.

हा किस्सा आता दूर पूर्वेकडच्या केंब्रिजपर्यंतच्या मराठी मंडळींत पोचला आहे. सगळे सांगतात, नावे झाकलेली होती, बिचाऱ्याला कळलेच नाही. तेवढे चुकीचे आहे. स्वतःचा खाते क्रमांक मंदारला तोंडपाठ आहे.