आमच्या संघाला लेफ्ट बॅक मिळाली

मागच्या हंगामात आम्ही सहा संघांत सहाव्या आलो. बेंगळुरातल्या एचएसआर लेआउट आणि आसपासच्या सोसायट्यांमधल्या, तिशी ओलांडलेल्या बायकांची ती छोटीशी फुटबॉल लीग. सात-सात जणींचा खेळ, जाळी लावलेलं भाड्याचं टर्फ आणि रविवारी सकाळी सामने. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या की हंगाम संपायचा, तो पुन्हा ऑगस्टात सुरू व्हायचा. मधल्या सुट्टीत आम्हाला एकच गोष्ट ठरवायची होती. आमच्यातली एक नवऱ्याच्या बदलीमुळे हैदराबादला निघाली होती आणि तिच्या जागी कुणीतरी घ्यायचं होतं. यादीत दहाच नावं चालत असल्यामुळे जागा एकच होती. संघ नेमका कुठे कमी पडतो हे ठरलं की त्या जागेवरची खेळाडू शोधायची.

मी त्या संघात लेफ्ट बॅक होते. म्हणजे आपल्या गोलच्या डाव्या बाजूला उभं राहायचं आणि तिकडून येणाऱ्यांना अडवायचं. ही जागा मला मिळाली कारण मी कोल्हापूरची. कोल्हापूरचं माणूस म्हणजे फुटबॉल रक्तातच, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात कोल्हापुरात मी सामने फक्त बघितले होते, तेही आबांच्या खांद्यावर बसून. आबा म्हणजे माझे वडील. ते तरुणपणी पेठेच्या संघातून खेळायचे. मी पहिल्यांदा चेंडूला पाय लावला तो अडतिसाव्या वर्षी, लेकीला फुटबॉलच्या कोचिंगला सोडायला गेले असताना.

शेवटच्या सामन्यानंतरच्या शनिवारी दुपारी आम्ही कॅप्टनच्या घरी जमलो. कॅप्टन मल्याळी, शाळेत गणित शिकवते. तिने प्रत्येकीला सांगितलं की एकेक जागेचं नाव सांगा. पहिली म्हणाली स्ट्रायकर. दुसरी म्हणाली स्ट्रायकर. गोल होत नाहीत म्हणून आपण हरतो, यात कुणाला शंका नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी तर जरा जोरातच सांगितलं की मागची फळी आपली ठीक आहे, पुढे गोल मारणारी हवी. बेळ्ळंदूरहून नुकतीच आमच्या भागात राहायला आलेली एक बाई कॉलेजात फॉरवर्ड खेळायची, असं कॅप्टनला कळलं होतं. तिला विचारायचं ठरलं. मग केळ्याचे चिप्स खाऊन आम्ही समाधानाने घरी गेलो.

तेव्हा आबा एका डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आलेले होते. डोळ्यावर काळा चष्मा लावून त्यांनी आमचे शेवटचे चार सामने कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघितले होते, आणि एका शब्दानेही काही बोलले नव्हते. मी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, काय ठरलं? मी स्ट्रायकरचं सांगितलं.

ते शेंगदाण्याची टरफलं ताटलीत गोळा करत होते.

"तुला राग येईल," ते म्हणाले, "पण तुमाला गोल मारणारी नगं. गोल आत येतात ते बघा की आधी. डावी बाजू उघडी हाय तुमची."

"डावीकडे मी असते, आबा."

"म्हणून तर म्हटलं राग येईल."

राग आलाच. मी म्हटलं की एका डोळ्याने बघून तुम्हाला काय दिसणार. ते शांतपणे म्हणाले, "मला एका डोळ्यानं दिसलं. तुमा सात जणींच्या चौदा डोळ्यांस्नी दिसलं न्हाई."

संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. नवऱ्याने सगळे सामने मोबाइलवर काढून ठेवले होते. स्वयंपाक झाल्यावर मी त्याच्याकडून मोबाइल मागून घेतला. आबांना चूक ठरवायचं, एवढाच त्यामागचा हेतू होता.

पहिला गोल डावीकडून झाला. दुसराही. तिसऱ्याला मी व्हिडिओ थांबवून मागे नेला. चेंडू माझ्याकडे येतो, माझा डावा पाय समोर असतो, पण मी त्या पायाने काहीच करत नाही. उजवा पाय पुढे आणण्यासाठी मी अंग वळवते, बस वळावी तशी, आणि तेवढ्यात समोरची बाई बाजूने निघून जाते. पुढच्या सामन्यात तेच. त्याच्या आधीच्या सामन्यातही तेच. एका गोलनंतर तर मी हात वर करून ऑफसाइड असल्याचं सांगतेय, आणि आमच्या लीगमध्ये ऑफसाइडचा नियमच नाही. आबा शेजारी येऊन बसले होते. त्यांनी शेंगदाण्याची ताटली माझ्याकडे सरकवली.

दोन दिवस मी विचार करत होते. इलेक्ट्रॉनिक सिटीला ऑफिसला जाताना उड्डाणपुलावर बस अडकली की डोक्यात तेच यायचं. गप्प बसले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. पण स्ट्रायकर येऊनही आम्ही हरलो असतो, आणि का हरतो हे फक्त मला आणि आबांना माहीत असतं, ही कल्पना मला सहन होईना. मंगळवारी संध्याकाळी मी कॅप्टनच्या घरी गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं की आपल्याला लेफ्ट बॅक हवी आहे, ती जागा कच्ची आहे.

कॅप्टन वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं.

"आम्हाला माहीत आहे," ती हिंदीत म्हणाली. "पण तुला सांगणार कोण? टर्फ तू बुक करतेस, पाणी तू आणतेस, भांडणं तू मिटवतेस."

हे ऐकून मला व्हिडिओपेक्षा जास्त लागलं. म्हणजे शनिवारी सगळ्या जणी एकीमागून एक स्ट्रायकर म्हणाल्या, त्या माझं मन राखायला म्हणाल्या होत्या. मग कॅप्टनने चहा केला, आणि चहा पिता पिता आम्हा दोघींनाही हसू यायला लागलं. ऑफसाइडचा किस्सा मीच तिला सांगितला. तो तिला आधीपासून पाठ होता.

आता हवी होती डाव्या पायाची बाई. हे काम सोपं नाही. डाव्या हाताने लिहिणारी ओळखता येते, पाय मात्र कोण दाखवतं? ऑफिसात आमच्या टीममधली एक डावखुरी आहे. तिला मी कागदाचा बोळा करून लाथ मारायला लावली, तर तिने उजव्या पायाने मारली आणि माझी तब्येत बरी आहे ना असं विचारलं. सोसायटीच्या जिन्यात कोण कुठला पाय आधी टाकतं ते मी आठवडाभर बघत होते. त्यातून काहीही निष्पन्न झालं नाही.

मग एका दुपारी मी साडीला फॉल आणायला गेले. एचएसआरला लागूनच जुनं गाव आहे. तिथल्या गल्लीत ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉलचं एक दुकान आहे. ते चालवणारी बाई मराठी. तिचं माहेर शहरातल्या जुन्या पेठेतलं, कित्येक पिढ्या बेंगळुरात गेलेल्या. मी तिला अक्का म्हणायचे आणि ती मला अक्का म्हणायची. तिच्या मराठीत कन्नड इतकी मिसळलेली की सुरुवातीला मी हिंदीच बोलायचे. त्या दिवशी ती जेवायला दुकान बंद करत होती. मला बघून म्हणाली, "स्वल्प थांबा अक्का, देते," आणि फॉल कापून दिला. मग ती शटर ओढायला लागली. ते अर्ध्यावर अडकलं. तिने साडीचा काठ जरा वर धरला आणि शटरच्या खालच्या पट्टीवर अशी लाथ हाणली की ते सरळ जमिनीला टेकलं. लाथ डाव्या पायाची होती.

मी विचारलं, "तुम्ही नेहमी डाव्याच पायाने मारता का?"

तिला वाटलं मी तक्रार करतेय. "आवाज फार होतो का?" ती म्हणाली.

मी तिला तिथेच पायरीवर बसवून सगळं सांगितलं. शाळेत असताना ती थ्रोबॉल खेळायची, जिल्ह्यापर्यंत जाऊन आली होती. फुटबॉलचे नियम तिला माहीत नव्हते आणि अर्ध्या चड्डीत ती येणार नव्हती. मी म्हटलं ट्रॅकपँट चालते. नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. नवऱ्याचं म्हणणं एवढंच होतं की रविवारी दहाला दुकान उघडायला ती हवी. बाकी त्याची काही हरकत नव्हती.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, राहणारी कुठली?

"माहेर जुन्या पेठेतलं."

"पेठेतली हाय? मग खेळंल," ते म्हणाले. बेंगळूरची पेठ आणि कोल्हापूरची पेठ यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही हे सांगण्याच्या मी भानगडीत पडले नाही.

संघातल्या दोघी-तिघी नाराज झाल्या. कॉलेजात खेळलेली स्ट्रायकर सोडून कधीच न खेळलेली बाई घ्यायची, हे त्यांना पटेना. कॅप्टनने महिनाभराची मुदत मागून घेतली. तो महिना आबांचा. दुपारी दुकान बंद असायचं तेवढ्या वेळात, गल्लीत उभ्या केलेल्या स्कूटरांच्या मधल्या जागेत, ते अक्काला शिकवायचे. ती त्यांना अण्णा म्हणायची. ते अस्सल कोल्हापुरी बोलायचे, ती तिचं बेंगळुरी मराठी. एकमेकांचं निम्मं तरी त्यांना कळत असेल का, मला शंका आहे. पण आठवडाभरात आबा "स्वल्प डावीकडं सरक" असं म्हणायला लागले आणि ती "सरी अण्णा", म्हणजे बरं अण्णा, असं म्हणून सरकायला लागली. शेजारचा इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून बघत बसायचा.

महिन्याने टर्फवर चाचणी झाली. आमच्यात सगळ्यात जोरात पळणारी कॅप्टनच. ती चेंडू घेऊन अक्काच्या अंगावर पुन्हा पुन्हा धावून गेली. अक्का समोरच्या बाईच्या पायांकडे बघतच नव्हती. थ्रोबॉलची सवय असल्यामुळे तिची नजर चेंडूवरून हलत नव्हती. चेंडू जरा लांब सुटला की डावा पाय पुढे यायचा आणि चेंडू बाहेर. दोनदा कॅप्टन निसटली, बाकी प्रत्येक वेळी अडकली. शेवटी कमरेवर हात ठेवून ती धापा टाकत उभी राहिली आणि नाराज दोघी-तिघींकडे बघत म्हणाली, "आता तुम्ही पळून बघा." कुणी गेलं नाही.

ऑगस्टातला पहिला सामना माझ्या चांगला लक्षात आहे. मी कडेला राखीव खेळाडूंच्या बाकावर होते. गेली तीन वर्षं मी पहिल्या सातांत असायचे, आणि खोटं कशाला सांगू, शिटी वाजली तेव्हा सवयीने उठून मी दोन पावलं मैदानाकडे गेलेही. आबा तोवर कोल्हापूरला परतले होते. नवरा त्यांना मोबाइलवर सामना दाखवत होता आणि त्या मोबाइलमधून सूचना येत होत्या, ज्या अर्थात कुणालाही ऐकू जात नव्हत्या.

बेळ्ळंदूरहून आलेली ती स्ट्रायकर आता समोरच्या संघात होती. खरंच छान खेळत होती. तिने आमच्यावर एक गोल केलाही. तो मधून झाला, डावीकडून नाही, हे इथे लिहून ठेवते. डावीकडून ती तीनदा आली आणि तिन्ही वेळा चेंडू अक्काने कडेच्या जाळीवर पाठवून दिला. दुसऱ्या अर्ध्यात कॅप्टनने मला आत घेतलं, उजव्या बाजूला. तिथे पहिल्यांदाच मला वळावं लागलं नाही. चेंडू आला, उजवा पाय तयारच होता. मी अक्काला हाक मारली, "अक्का!" तिने मलाच हाक मारली, "अक्का!" आमच्या गोलकीपरला कळेना कुणी कुणाला काय सांगितलं, आणि समोरच्या दोघी तर चक्क थांबून बघायला लागल्या. त्या गोंधळात चेंडू कॅप्टनला मिळाला आणि तिने बरोबरीचा गोल केला.

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. मागच्या हंगामात आम्हाला एकही बरोबरी मिळाली नव्हती, त्यामुळे आम्ही जिंकल्यासारख्या ओरडलो. सगळ्या जणी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, इडली-डोशाच्या छोट्या हॉटेलात, गेलो. अक्काने उभ्यानेच एक इडली आणि अर्धा कप कॉफी घेतली, घड्याळ बघितलं, ट्रॅकपँटवरच ओढणी घेतली आणि दहाला दुकान उघडायला स्कूटरवरून निघून गेली.

त्या हंगामात आम्ही चौथ्या आलो. मी उजव्या बाजूलाच खेळते, कधी पहिल्यापासून, कधी उशिरा. आबांचा रविवारी फोन येतो. अक्का कशी खेळली हे ते आधी विचारतात, मग नातीच्या शाळेचं, आणि वेळ उरला तर माझं.