बंधाऱ्याचं पाणी

विमान कुकडी नदीत पडलं त्या दुपारी मी ट्रॅक्टरचा दोर कमरेला बांधून पाण्यात उतरलो आणि विमानातून बाहेर फेकल्या गेलेल्या दोघांना काठावर काढलं. हे खरं आहे. गावाने शाल-श्रीफळ दिलं ते त्यासाठी. त्यापुढचं मी कुणाला सांगितलं नाही.

लहानसंच प्रवासी विमान. पिंपळवंडीच्या अलीकडे, आमच्या बंधाऱ्याने अडवलेल्या पाण्यात पडलेलं. शेपूट वर, बाकीचं खाली. बाया घरातल्या गोधड्या घेऊन काठावर उभ्या. चुलतभाऊ पोहत गेला, पत्र्याला कान लावला आणि ओरडला, "आरं, आत एक बाई जिती हाय! हाका मारतीय, ठोकतीय!"

दार हातभर पाण्याखाली होतं. चौघांनी ओढूनही उघडेना.

"ढापे काढा राव! हातभर पाणी उतरलं तरी दार निघंल!" काठावरून कुणीतरी ओरडलं.

बंधाऱ्यात पाणी अडवणारे लोखंडी ढापे पावसाळ्याआधी काढायचे, पाऊस सरला की बसवायचे, ही आमच्याकडची रीत. ते उचलायचे हूक माझ्या गोठ्यात असतात, कारण पाण्याची राखण माझ्याकडे. कांदा तेव्हा ऐन पोसायला लागला होता. बंधारा मोकळा झाला तर वरून धरणाचं पाणी सुटेपर्यंत सगळ्यांच्या मोटारी कोरड्या.

मी म्हणालो, "हूक वरच्या गावानं नेलेत."

घाईत तोंडातून निघून गेलं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण बोलण्याआधी मी माझ्या वावराकडे पाहिलं होतं.

"आजच बरं नेले त्यांनी!" चुलतभाऊ शिव्या हासडत ओल्या कपड्यांनीच मोटारसायकलवर बसला. मी पुन्हा पाण्यात उतरलो, दार ओढू लागलो. सगळ्यांपेक्षा जास्त जोर मीच लावत होतो. आतून ठोकणं चालूच होतं. आधी भराभर, मग थांबून थांबून.

तो हात हलवत परत आला. "तिथं न्हाईत. त्यांनी नेलेच नाय म्हणत्यात."

"मग कुठं गेले, काय ठाऊक," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही. आता बांधावर भेटला तर पावसापाण्याचं बोलतो.

शेवटी हायवेवरून जेसीबी आला आणि त्याने ढापे उपटून काढले. पाणी वाहून गेलं, दार उघडलं. ठोकणं त्याच्या आधीच बंद पडलं होतं.

म्हणजे पाणी गेलं ते गेलंच. कांदा बारीक निघाला, पण निघाला. मी तो विकलाही.

काही महिन्यांनी त्या बाईचा भाऊ घरी आला. तिच्याच वळणाचा चेहरा. ओसरीवर बसला, चहा घेतला नाही.

"काका, तुम्ही फार केलंत," तो म्हणाला. मग बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिला. तिथेच पोत्याखाली हूक होते. "एकच विचारायचं होतं. ताई शुद्धीवर होती का हो?"

"नाही," मी म्हणालो. "पडताक्षणीच संपलं असणार."

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले आणि रडला. मी हात सोडवून घेतले नाहीत.

ती शुद्धीवर होती. ठोकत होती. मी ऐकत होतो.