मधुचंद्राला सोबत आलेली प्लॅस्टिकची पेटी

माझ्या मैत्रिणी मधुचंद्राला महाबळेश्वरला गेल्या. मी भिवंडीला गेले. आणि दोघं नाही, आम्ही तिघं होतो: मी, आमचे हे आणि एक प्लॅस्टिकची पेटी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हे कल्याणला कारखान्यात नोकरी करायचे आणि सुट्टीला मागच्या अंगणात फुटक्या बादल्या आणि मगे वितळवत बसायचे. नुसत्या जुन्या प्लॅस्टिकची पेटी भाराखाली चिरायची, म्हणून ह्यांनी त्यात लेथवरचा लोखंडाचा बारीक कीस मिसळला. पेटी झाली दगडासारखी, रंग मात्र चिखलाचा. भिवंडीच्या एका लूममालकांना, सगळे त्यांना चाचा म्हणत, सुताच्या कांड्या भरून पाठवायला अशी पेटी हवी होती, कारण लाकडी खोक्यांच्या कुसळांत धागा अडकायचा. चाचांना पसंत पडली तर नोकरी सोडून स्वतःचं काम. नाहीतर सासऱ्यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे वितळवणं कायमचं बंद. "आधी वज्रेश्वरीचं दर्शन, गणेशपुरीला मुक्काम, येताना भिवंडी," असं गोड बोलून ह्यांनी एका दगडात दोन पक्षी मारले.

कल्याणहून कोनमार्गे भिवंडी, तिथं एसटी बदलून अंबाडीवरून वज्रेश्वरी. तेव्हा दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. आज जाणार असाल तर ट्रकांच्या गर्दीसाठी वेळ हाताशी ठेवा. पेटी ह्यांच्या मांडीवर होती.

"पोरी, त्यात काय हाय?" शेजारच्या मावशींनी मला विचारलं.

"काही नाही, रिकामी आहे."

"मंग एवढी जपतो कशाला?"

झालं! ह्यांनी पेटीचं गुणगान सुरू केलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "नवी वस्तू हाय ना? मंग देवीला दाखव, कुंडात पयली आंघोळ घाल. आमी नवा नांगरबी धुतल्याबिगर शेतात नेत न्हाय."

दर्शन झालं, खानावळीत गरम आमटी-भात झाला आणि गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर मी पदर सावरत उभी राहिले. नवरा पेटीला गळ्यापर्यंत बुडवून आतून-बाहेरून चोळत होता! "पाण्याला भीत नाही माझी पेटी," येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. मला भयंकर राग आला आणि हसूही आवरेना. धर्मशाळेत तिला ओलीच गोणपाटात गुंडाळली.

सकाळी भिवंडी. स्टँडबाहेरचा उसळपाव चुकवू नका, पण तिखट सोसत असेल तरच. चाचांच्या शेडमध्ये लूमचा असा खडखडाट, की माणसं एकमेकांच्या कानात ओरडत होती. चाचांनी चहा मागवला, पेटी आपटली, मग सरळ तिच्यावर उभे राहिले.

"वाह बेटा! हाथी खड़ा कर दो!"

ह्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, राजीनामा आत्ताच लिहितील. तेवढ्यात चाचांनी खांद्यावरचा पांढरा कपडा घेऊन पेटी आतून पुसली. कपडा नारिंगी झाला. किसाला गंज चढला होता आणि चिखलाच्या रंगात तो आम्हाला दिसलाच नव्हता.

"सूत को दाग लगा तो सब गया," चाचा म्हणाले. "भिगोई थी क्या?"

आंघोळीची हकिगत मीच सांगितली. चाचा पोट धरून हसले. "अच्छा किया, बेटी. सूखी लाते तो आज ही सौ पेटी बोल देता. बारिश में मेरा सूत जाता और इसकी इज़्ज़त."

परतीच्या एसटीत पेटी पुन्हा ह्यांच्या मांडीवर होती. मला फार वाईट वाटत होतं. कोन आल्यावर हे म्हणाले, "अगं, अॅल्युमिनियमला गंज चढत नाही."

सासऱ्यांकडून आणखी एका पेटीची परवानगी मीच मागून घेतली. अॅल्युमिनियमचा कीस घातलेली ती पेटी आठवडाभर आमच्या मोरीतल्या आंघोळीच्या घंगाळात बुडून होती, आणि मी तांब्याभर पाण्यानं अंग धूत होते. चाचांचा कपडा या वेळी पांढराच राहिला. नोकरी सुटली आणि त्या कामावर आमची दोन मुलं शिकली.

पहिली पेटी आजही गॅलरीत आहे, कोरफड लावलेली. पावसाळ्यात तिच्याखाली फरशीवर नारिंगी चौकोन उमटतो आणि मी तो पुसते. "टाकून दे ना," हे अजून म्हणतात, "नापासाचं प्रगतिपुस्तक कुणी दर्शनी जागी ठेवतं का?"

मी टाकत नाही. आमच्या मधुचंद्राचा फोटो नाही. हीच आहे.