बायजाबाईचा डावा पाय

रोवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या, दिवसांत लाखनीजवळच्या आमच्या गावात बायजाबाईवाचून पान हलत नसे. कोणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, कोणत्या बाया कधी उतरणार, ते तीच ठरवायची. नवरा लवकर वारला म्हणून माहेरी परतलेली आणि भावाच्या शेजारी वेगळी चूल मांडून राहिलेली. तोंड असं की पाटलानंही तिला पाहून वाट बदलावी. मला ती आवडायची, कारण जे बोलायचं ते ती तोंडावर बोलायची आणि नंतर विसरून जायची.

१९७८च्या होळीच्या सुमारास तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं. धाकटा भाऊ जागेश्वर तिला रोज सायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेऊ लागला. तेव्हा पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. सुया संपत आल्या आणि बायजाबाईचे पाय जड झाले. मग कमरेखाली काही हलेचना, लघवीही अडली. जागेश्वरने बहिणीला पाठुंगळी घेतलं आणि नागपूरची एसटी गाठली.

तिथल्या डॉक्टरांनी भावाबहिणीला समजावून सांगितलं. सुयांमधली ही लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांच्या धाग्यांवर एक आवरण असतं, ते मेंढीचं आणि माणसाचं पुष्कळसं सारखं. बायजाबाईचं शरीर मेंढीच्या आवरणावर तुटून पडलं आणि त्या भरात स्वतःचंही खाऊन बसलं. आवरण गेलं की मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही.

"ते मंग वापस नाई येत का?" जागेश्वरने विचारलं.

"येतं. शरीर आतल्या आत रसायनांच्या खुणा पाठवतं, इथे आवरण चढवा म्हणून. तिथल्या पेशी ते धाग्याभोवती नव्याने गुंडाळतात. पण कधी हे काम मध्येच थांबतं, आणि ते का थांबतं हे आम्हालाही कळलेलं नाही. वाट पाहा."

आषाढात तिने धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून, ओरडून ओरडून रोवणी करवली. श्रावणात चालू लागली. उजवा पाय आला, डावा मात्र ओढत राहिला. गावाने आपला निकाल देऊन टाकला, की सुयांनी बाई लंगडी झाली. ते खोटं नव्हतं आणि तीच पंचाईत होती.

भादव्यात शेतावर जागेश्वरच्या हाताला कोल्हा चावला. भर दिवसा माणसाच्या अंगावर येणारा कोल्हा पिसाळलेलाच असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी हा जखमेवर पाला बांधून कामाला लागला. बायजाबाई पाय ओढत बांधीवर पोचली.

"सायकल काढ. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चाल."

"नाई, बाई. म्या तुले पाठीवर नेलं हाय. मले तसं नाई व्हायचं. माहे लेकरं लहान आहेत. वैदूची जडी घेईन."

"माह्यावानी हजारात एखाद्याले होते. कोल्ह्याचं भिनलं त कोनीच वाचत नाई. आन मी आता चांगली झाली."

"चांगली झाली? मंग चालून दाखव."

दोन बांध्यांमधला धुरा वीतभर रुंद, वरून ओला. बायजाबाई त्यावर चढली. पाहणारे आम्ही चारपाच जण होतो. खाली नजर लावून, एकेक पाऊल टाकत ती निम्म्यापर्यंत नीट गेली. मला वाटलं, जिंकली.

"पायाकडं पाहू नको, बाई. माह्याकडं पाहून चाल," जागेश्वर म्हणाला.

तिने मान वर केली. डोळे हटले तसं डाव्या पायाला जमीन कुठे आहे तेच उमजेना. ती धानात पडली. जागेश्वरने तिला उचललं, आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने तिचं तोंड पुसलं आणि घराकडे नेलं. संध्याकाळी तो वैदूकडे गेला. त्यानंतर बायजाबाईने शिव्या दिल्या, उपास धरला, पाया पडली. त्याने ऐकलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर पाण्याचा तांब्या पाहून त्याचा घसा आवळला. पुढचं मला लिहवत नाही. असा गुणी, बहिणीला पाठीवर वाहणारा माणूस, आणि तिच्याच पायाला भिऊन गेला. मला त्याचा अजून राग येतो आणि रडूही येतं.

माघात एकदा बायजाबाईच्या ध्यानात आलं की डाव्या पायातली चप्पल आता निसटत नाही. शरीराने काम थांबवलं नव्हतं, ते हळूहळू चाललं होतं. होळीपर्यंत पाय पुरता बरा झाला. जागेश्वरच्या बायकोने, कौशल्याबाईने, तिला दारावरून सरळ जाताना पाहिलं.

"अक्काजी, हा पाय भादव्यात पायजे होता," एवढंच ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

पुढे गावात कोणाला कुत्रं चावलं की बायजाबाई त्याच्या अंगणात जाऊन, मान वर करून चालून दाखवायची आणि त्याला सुया घ्यायला धाडायची. भावाच्या दारावरून जाताना मात्र ती मरेपर्यंत डावा पाय ओढत गेली.