अक्काचं पान

खरं सांगते, त्या वर्षी माझं देवाशी बिनसलं होतं, आणि तेही माझ्या सख्ख्या अक्कावरून.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं माहेर. मी कॉलेजात शिकवणाऱ्या एका ख्रिस्ती तमिळ माणसाशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवसापासून अक्कानं माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. आई गेली तेव्हाही मला दारातूनच परत पाठवलं. मी वर्षानुवर्षं चर्चमधल्या आरोग्यमातेपुढे मेणबत्त्या लावल्या. मागणं एकच, माझी माणसं मला परत दे. पण छे! वरून हूं की चूं नाही.

मग मद्रासला नोकरीला लागलेला अक्काचा मुलगा नव्या मोटरसायकलवरून पडला. बेशुद्ध. एसटीडी बूथवर ती रडत असताना कुणी तरी तिला आमच्या चर्चमध्ये जायला सांगितलं. आणि ही बया गेली! कपाळभर कुंकू, हातात नारळ. तो कुठे फोडू, असं तिनं फादरनाच विचारलं म्हणे. फादर हसले आणि तिच्याशेजारी गुडघे टेकून बसले. आठवडा झाला नाही तोच पोर शुद्धीवर येऊन इडली मागायला लागलं.

जो तो मला कौतुकानं सांगायला येई, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. पोर वाचलं याचा आनंद होता हो, मावशी आहे मी त्याची. पण मी रांगेत उभं राहून तिकीट काढलं, आणि ही मागच्या दारानं चढून खिडकीपाशी बसली? ज्या देवासाठी मी माहेर गमावलं तो माझ्याशी गप्प, आणि मला हाकलणारीच्या पहिल्या हाकेला ओ देतो! रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेले, पण मातेकडे मान वर करून पाहिलं नाही. तुझी लाडकी आली ना, बस तिलाच घेऊन, असं मनात म्हटलं.

अक्कानं नवस फेडायला चर्चच्या अंगणात जेवण घातलं. आमच्याकडे याला आसनम् म्हणतात. येईल त्याला वाढायचं, जात-धर्म विचारायचा नाही, आणि घालणाऱ्यानं शेवटच्या पंगतीत सगळ्यांबरोबर खाली बसायचं. मी जाणारच नव्हते. वाढायला माणसं कमी आहेत म्हणून नवऱ्यानं नेलं. गेले, पण तोंड फुगवूनच.

शेवटची पंगत बसली. अक्काच्या एका बाजूला हातगाडीवाला, दुसऱ्या बाजूला चर्चची झाडूवाली. भाताचं पातेलं नेमकं माझ्याकडे. तिच्या पानापाशी आले आणि दुसऱ्या कुणाला तरी वाढायला सांगावं म्हणून मागे वळले.

"कुठं चाललीस गे? वाढ की."

"माझ्या हातचं चालतं का तुला?" मी फणकारले.

अक्कानं मान खालीच ठेवली. "त्या दिवशी तुमच्या मातेपुढे बसले खरी, पण काय बोलायचं ते सुचेना. माझी तिथं ओळख ना पाळख. शेवटी तुझंच नाव सांगितलं. म्हटलं, मी तिची अक्का. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ऐक." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "वाढ आता, भात निवतोय."

मी वाढला. घाईघाईत निम्मा भात पानाबाहेर सांडला. अक्कानं तो बोटांनी ओढून पानात घेतला आणि जेवली.

अजूनही कधी कधी पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू? तिला आठवड्यात, मला इतकी वर्षं. पण कुणाला कधी आत घ्यायचं ते देवाचं देवानं बघावं, मी आता दारात हात आडवा करून उभी राहत नाही. त्या दुपारी अक्कानं माझ्याकडून दोनदा भात मागून घेतला. देवा, हे उपकार माझ्यानं जन्मभर फिटायचे नाहीत.