तायाचं घड्याळ

ताया आणि मी मॉस्को–व्लादिवोस्तोक गाडीवर अटेंडंट होतो. प्रवास सात दिवसांचा. वाटेत गावोगावची घड्याळं पुढे पुढे जायची, पण रेल्वे सगळीकडे मॉस्कोचीच वेळ पाळायची. म्हणून वाटेवरच्या चिता या आमच्या गावातल्या घरीसुद्धा तायाचं घड्याळ मॉस्कोचंच, सहा तास मागे. कुणी हसलं तर म्हणायची, "या घरात नवऱ्याचं कधी चाललं नाही, सूर्याचं कुठून चालणार?"

नवरा गेला आणि मुलगा रोद्या भांडून मॉस्कोला निघून गेला. नऊ वर्षांनी त्याचं पत्र आलं. व्लादिवोस्तोकला बोटीवर नोकरी लागली होती. 'तिकिटावर चिता अकरा वाजता आहे. गाडी चाळीस मिनिटं थांबते. ये.'

मॉस्कोचे अकरा म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. तायानं कोबी भरलेले पाव भाजले आणि साडेचारलाच मला ओढत स्टेशनवर नेलं. फलाट रिकामा होता. आता तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात, हे आम्ही दोघींनी ऐकलं होतं हो! पण हाडात मुरलेलं घड्याळ असं बदलतं थोडंच? गाडी सकाळीच गेली होती.

झाडूवाली म्हणाली, "एक जण शेवटपर्यंत खाली उभा होता. चढ बाबा म्हटलं, तर मलाच सांगतो, 'थांबा हो मावशी, माझी आई रेल्वेतली आहे. ती कधी उशीर करत नाही.'"